साम्य येतं, पण पुढे जाता येत नाही: तेलरंगातल्या एक्सप्रेशनिस्ट व्यक्तिचित्राविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दोन वर्षं तेलरंगात व्यक्तिचित्रं करतोय. समोरच्या माणसाशी साम्य येतं. पण एक्सप्रेशनिस्ट पद्धतीने करायला गेलो की दोनच गोष्टी होतात. रंग मोकळे सोडले तर चेहऱ्याचा चिखल होतो आणि आकार मोडले तर व्यंगचित्र दिसतं. सुरुवात कुठून करू? फोटोवरून चालेल का? रंग आणि ब्रश कोणते घेऊ?"

एक्सप्रेशनिस्ट म्हणजे भावना दाखवण्यासाठी रंग आणि आकार मुद्दाम बदलणारी पद्धत. तुमच्या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांची मुळं वेगवेगळी आहेत. चिखल होतो तेव्हा टोन, म्हणजे रंगाचा गडद-फिकेपणा, सुटलेला असतो किंवा ओल्या रंगावर ब्रश घोळत राहिलेला असतो. व्यंगचित्र होतं तेव्हा आकार मोडताना समोर बघणं थांबलेलं असतं. दुसरी अडचण जास्त खोल आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलतो. साहित्याचं शेवटी.

माझे थोरले मामा एसटीत कंडक्टर होते. नोकरीची सगळी वर्षं डाव्या खांद्याला चामड्याची पिशवी, डाव्या हातात तिकिटांची पेटी आणि उजव्या हातात चिमटा. मी कलाशिक्षण संपवून नुकताच घरी आलो होतो, तेव्हा त्यांना बसवून एक चित्र केलं. शिकवलं होतं अगदी तसं: चेहरा थोडा वळवलेला, डावीकडून उजेड, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर हायलाइट, खांदे समतोल. घरातले सगळे म्हणाले, हुबेहूब. मामी चहा घेऊन आली, चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हे असे कधी बसतात का?"

तिचं बरोबर होतं. मामांचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली होता. मान जरा पुढे आणि उजवीकडे कललेली, मागच्या बाकावरून कुणी हाक मारली तर ऐकू यावी अशी. आणि उजव्या हाताचा अंगठा, निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी, बोलता बोलता तर्जनीवर दाबला जायचा आणि सुटायचा. चिमटा जणू अजून हातातच होता. हे सगळं मला पहिल्याच बैठकीत दिसलं होतं. पोझमधला दोष समजून मी ते सरळ करून टाकलं होतं.

दुसरं चित्र दोनेक वर्षांनी केलं. तोवर जर्मन एक्सप्रेशनिस्टांची पुस्तकं चाळून झाली होती, नॉर्वेचा चित्रकार मुंक डोक्यात बसला होता. जांभळं कपाळ, हिरवे गाल, खोबणीतून बाहेर आलेले डोळे, वासलेलं तोंड. मामांनी ते पाहिलं आणि साधेपणाने विचारलं, "हा कोण?" ते रागावले नव्हते, त्यांना खरंच ओळख पटली नव्हती. मुंकची १८९३ ची 'किंकाळी' त्याच्या स्वतःच्या एका संध्याकाळीतून आली होती, तेव्हाच्या क्रिस्तियानियाजवळ, म्हणजे आजच्या ओस्लोजवळ, सूर्यास्ताच्या वेळी चालताना. तिचं तोंड उचलून मी कोकणातल्या एका शांत माणसाला लावलं होतं. तुम्हाला जे व्यंगचित्र वाटतं ते बहुधा हेच असणार. 'व्यथा' म्हटलं की ठरलेले डोळे, 'राग' म्हटलं की ठरलेल्या भुवया. समोरचा माणूस त्यात कुठेच नसतो.

तिसऱ्या चित्राच्या वेळी मी चार सकाळी पडवीत त्यांच्यासमोर बसलो. पहिल्या सकाळी कॅनव्हासला हात लावला नाही. पंधरा-पंधरा मिनिटांची रेखाटनं केली, कोळशाने, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर. ही युक्ती माझी नाही. १९०५ साली ड्रेस्डेनमध्ये किर्शनर, हेकेल, श्मिट-रॉटलुफ आणि ब्लाइल या वास्तुशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांनी 'डी ब्र्युके' म्हणजे 'पूल' नावाचा गट काढला. ते दर पंधरा मिनिटांनी मॉडेलला पोझ बदलायला सांगत आणि तेवढ्या वेळात हाताला जे लागेल ते टिपत. पंधरा मिनिटांत पापणीचे केस काढता येत नाहीत. हात आपोआप मोठ्या गोष्टीकडे जातो. माझ्या बाराएक कागदांपैकी नऊ-दहांत खांदा खाली होता, आणि शेवटच्या तीन-चारांत तो खरा होता त्याहून बराच खाली आला होता. मी काही ठरवलं नव्हतं. हाताला जे महत्त्वाचं वाटलं ते त्याने मोठं केलं.

मग कॅनव्हासवर तो खांदा चार बोटं खाली घेतला. मान पुढे काढली. हाकेकडे वळलेला उजवा कान थोडा मोठा केला आणि त्याच्यामागे पार्श्वभूमी मोकळी सोडली. चेहरा अरुंद केला. डोळे होते तेवढेच ठेवले, तोंड मिटलेलं. पडवीला लागून केळी होत्या. त्यांच्या पानांवरून उठलेला हिरवा उजेड मामांच्या हनुवटीखाली पडत होता, अगदी फिका. मी सावलीची सगळी बाजूच त्या हिरव्यात घेतली. मामी बराच वेळ बघत उभी होती. मग म्हणाली, "खांदा दुखत असणार ह्यांचा. कधी बोलले नाहीत."

म्हणून सुरुवातीला एकच पथ्य सांगतो. आकार मोडण्याआधी समोरच्या माणसाबद्दल तीन वाक्यं कागदावर लिहा, आणि तिन्ही डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टींची असू द्या. "दुःखी वाटते" हे वाक्य उपयोगाचं नाही. "खालचा ओठ आत ओढून धरते", "बोलताना डावी भुवई आधी हलते", "मानेपेक्षा डोकं जड वाटतं" ही कामाची वाक्यं आहेत. त्यातली दोन वाढवा, तिसरी तशीच राहू द्या. बाकी चेहरा शांत ठेवा. नवखे लोक सगळंच वाढवतात: नाक, डोळे, मान, हात, रंग, फटकारे. मग कशावरच नजर ठरत नाही.

ऑस्ट्रियन चित्रकार ओस्कर कोकोश्काचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे. व्हिएन्नामध्ये १९०९-१० च्या सुमारास त्याने केलेली व्यक्तिचित्रं बघा. रंग पातळ, जागोजागी घासलेला, ब्रशच्या दांड्याने ओरखडलेला. तो मॉडेलला पुतळ्यासारखं बसवत नसे. लोकांना बोलू देई, हलू देई, वाचू देई, आणि त्या हालचालीत चेहरा कुठे कुठे जातो ते पकडे. १९१० मध्ये वास्तुकार आडोल्फ लोसच्या खटपटीने त्याने स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑगुस्त फोरेलचं चित्र केलं. त्यातले हात बघण्यासारखे आहेत. चेहऱ्याइतकंच वजन त्या आखडलेल्या बोटांना आहे. फोरेलच्या घरच्यांना ते चित्र पटलं नाही, त्यांनी ते घेतलं नाही. म्हातारपणी, १९५३ मध्ये, कोकोश्काने साल्झबुर्गला उन्हाळी वर्ग सुरू केला, त्याला नाव दिलं 'पाहण्याची शाळा'. आयुष्यभर ज्याने आकार मोडले, त्याने आपल्या शाळेला हे नाव द्यावं, यात मला या शैलीचं सगळं शिक्षण दिसतं.

चित्रकार शाईम सूतीनचंही तसंच. त्याचे बेकरीतले आचारी आणि हॉटेलातले नोकर बघताना वाटतं की हा माणूस भ्रमात रंगवत असावा. प्रत्यक्षात मॉडेल समोर असल्याशिवाय त्याला काम करता येत नसे. कान लांबतात, खांदे वितळतात, पण गणवेशाच्या लाल रंगात पडलेली प्रत्येक सुरकुती समोर बघून घेतलेली आहे.

कधी कधी मोडलेला आकार डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीच्याही पलीकडे जातो. किर्शनरने १९१५ मध्ये स्वतःला सैनिकाच्या गणवेशात रंगवलं. त्यात उजवा हात मनगटातून तुटलेला दाखवला आहे. त्याचा हात प्रत्यक्षात शाबूत होता. पहिल्या महायुद्धाने मोडून पडलेल्या चित्रकाराला पुन्हा रंगवता येणार नाही ही भीती त्या तुटक्या मनगटात आहे. इतकं पुढे जायला हरकत नाही, पण तिथे पोचायला माणूस आतून ओळखीचा लागतो. म्हणून स्वतःच्या चेहऱ्यापासून सुरुवात करावी असं मी सगळ्यांना सांगतो. आरसा ईझलच्या शेजारी लावा, एका बाजूने खिडकीचा उजेड घ्या आणि महिनाभर दुसरं कुणी रंगवू नका. आरशातला माणूस कंटाळत नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून तुम्ही हात आखडत नाही, आणि तो कशाला घाबरतो हे तुम्हाला ठाऊक असतं.

यातूनच फोटोच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. पहिले सहा महिने फोटो नको. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत नाक आधीच फुगलेलं असतं आणि कान मागे गेलेले असतात. ते लेन्सने मोडलेले आकार आहेत, तुम्ही मोडलेले नाहीत. शिवाय फोटोत माणूस एकाच क्षणी थांबलेला असतो. मामांचा अंगठा फोटोत आला असता तर नुसता दुमडलेला दिसला असता. ज्यांना बसवणं शक्यच नाही, उदाहरणार्थ गेलेली आजी, त्यांच्यासाठी फोटो घ्यावा लागतो. तेव्हा फोटोवरून आधी दहा-बारा लहान रेखाटनं करा, मग फोटो कपाटात ठेवा आणि रेखाटनांवरून रंगवा.

आता चिखल.

फ्रेंच चित्रकार मातीसच्या एका चित्रापासून सुरुवात करतो. मातीसला फोव्ह, म्हणजे भडक, मनाचे रंग वापरणाऱ्या गटातला, म्हणतात, एक्सप्रेशनिस्ट नाही, पण हा धडा त्याच्याकडूनच घ्यावा. १९०५ मध्ये त्याने आपल्या बायकोचं छोटं चित्र केलं. जेमतेम चाळीस सेंटीमीटर उंचीचं आहे, कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात असतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याच्या मधोमध एक हिरवा पट्टा ओढलेला आहे. एका बाजूचा चेहरा गुलाबी, दुसऱ्या बाजूचा पिवळसर. इतकं असूनही चेहरा गोल वाटतो, हाड जाणवतं. कारण तो पट्टा उजेड आणि सावलीच्या सीमेवर बसला आहे, आणि तिथे जितका गडद टोन हवा तितकाच त्याचा टोन आहे. रंग मनाचा, टोन जागेचा. या चित्राचा मोबाइलवर काळा-पांढरा फोटो करून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. मग तुमच्या चिखल झालेल्या चित्राचा तसाच फोटो करा. बहुतेक सगळा चेहरा एकाच मधल्या राखाडीत दिसेल.

ॲकॅडमिक शिक्षणात त्वचेचा रंग आणि टोन एकदमच शिकवले जातात, म्हणून आपल्याला ते वेगळे करता येत नाहीत. वेगळे करायची सवय लावून घ्यावी लागते. मी विद्यार्थ्यांकडून असं करून घेतो. एकाच माणसाचे, एकाच उजेडात, दोन कॅनव्हास. पहिला फक्त बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पांढऱ्यात, तीन टोनमध्ये: उजेड, मधला, सावली. चौथा टोन वापरायला मनाई. तो वाळू द्यायचा, भिंतीला लावायचा. दुसऱ्या कॅनव्हाससाठी आधी पॅलेटवर ढीग करायचे: उजेडासाठी तीन वेगवेगळे रंग, मधल्यासाठी तीन, सावलीसाठी तीन. त्वचेशी त्यांचा संबंध असलाच पाहिजे असं नाही. उजेडात लिंबू पिवळा, फिका गुलाबी, फिका निळा असू शकतो. सावलीत व्हिरिडियन (निळसर हिरवा), अल्ट्रामरीन (गडद निळा), गडद किरमिजी. मग पॅलेटचा काळा-पांढरा फोटो घ्यायचा. एका गटातले तीन ढीग सारखेच राखाडी दिसायला हवेत. दिसत नसतील तर ढीग दुरुस्त करायचा, ब्रश उचलायचा नाही. या पॅलेटवर तास-दीड तास जातो आणि तो वाया गेला असं सगळ्यांना वाटतं. पण नंतर चेहरा रंगवताना कुठलाही रंग कुठेही टाकला, गट बरोबर असला की झालं, चेहरा उभा राहतो.

एक गोष्ट मात्र रंगच ठरवतात. पिवळा गडद होत नाही. तो गडद करायला गेलात की हिरवा किंवा तपकिरी होतो. म्हणून शुद्ध पिवळा सावलीत घातला की तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. उलट अल्ट्रामरीन ट्यूबमधून निघतो तोच जवळजवळ काळ्याइतका गडद, त्याला उजेडात आणायचं तर पांढरा भरपूर लागतो. आणि पांढरा घालताना जपून. सगळ्याच ढिगांत थोडाथोडा पांढरा गेला की चित्र खडूने काढल्यासारखं दिसतं. माझा अंदाज आहे की तुमच्या चिखलातला निम्मा दोष पांढऱ्याचाच असेल.

उरलेला निम्मा हाताचा. फटकारा कसा मारायचा ते जवळून सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. फ्लॅट ब्रश ढिगात आडवा दाबून पोळी लाटल्यासारखा रंग घ्या, ब्रशच्या एकाच बाजूला. कॅनव्हासवर ठेवा, ओढा, उचला. परत त्यावर जाऊ नका. ब्रश चिंधीत चिमटून पुसा. मग पुढचा. एकाच जागी दुसऱ्यांदा ब्रश गेला तर खालचा ओला रंग वर येतो, आणि कधी कधी ते सुंदर दिसतं. तिसऱ्यांदा गेला की लाल आणि हिरवा, निळा आणि नारिंगी एकमेकांना खाऊन राखाडी होतात. विरुद्ध रंग शेजारी ठेवले तर दोघेही पेटतात, एकमेकांत कालवले तर दोघेही विझतात. डाव्या हातात नेहमी चिंधी असू द्या. माझे विद्यार्थी पहिल्या महिन्यात ब्रशपेक्षा चिंधी जास्त वापरतात, तेव्हा मला समाधान वाटतं.

आणि खरवडा. चेहरा बिघडला की पॅलेट नाइफ आडवी धरून ओला रंग कॅनव्हासच्या विणीपर्यंत काढून टाका. विणीत थोडा रंग उरतो, चेहऱ्याची फिकी सावली राहते. तिच्यावर केलेला पुढचा प्रयत्न जवळजवळ नेहमीच आधीच्यापेक्षा धीट होतो, कारण जागा ठरलेल्या असतात आणि गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं. मामांच्या तिसऱ्या चित्रात डोकं मी तीन वेळा खरवडलं. केळीचा हिरवा उजेड तिसऱ्या वेळीच आला. आपल्याकडे पोर्ट्रेटच्या प्रात्यक्षिकांची मोठी परंपरा आहे. दोन तासांत लोकांसमोर हुबेहूब डोकं उभं करणारे थोर हात मी पाहिलेत आणि त्यांच्याकडून खूप शिकलोय. पण प्रात्यक्षिकात खरवडता येत नाही. तिथून आलेल्या विद्यार्थ्याला खरवडणं म्हणजे हरणं वाटतं, आणि ही भावना घालवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

रेषेबद्दल सांगायला हवं, कारण पुढे तुम्ही सूझाकडे जाणारच. फ्रान्सिस न्यूटन सूझा, जन्म १९२४, गोव्यातल्या साळगावचा. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकत असताना 'छोडो भारत' आंदोलनात भाग घेतल्याने १९४५ मध्ये त्याला तिथून काढलं गेलं. १९४७ मध्ये रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासोबत त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. त्या काळात मुंबईत नाझींपासून सुटून आलेले वॉल्टर लँगहॅमर होते, टाइम्स ऑफ इंडियाचे कला-दिग्दर्शक. त्यांच्या घरी या तरुण मुलांची ये-जा असे आणि मध्य युरोपातल्या चित्रकलेची चर्चा होई. म्हणजे ही शैली आपल्याकडे नुसती पुस्तकांतून आली नाही, माणसांबरोबरही आली. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेला. त्याची डोकी बघा: जाड काळी रेषा, कपाळावर चढलेले डोळे, दात, आणि गालांवर बाणांसारख्या आडव्या-तिडव्या रेघा. १९५५ च्या 'मिस्टर सेबास्टियन'मध्ये सूट घातलेल्या माणसाला खरेच बाण टोचले आहेत. बाणांनी विंधलेल्या ख्रिस्ती संत सेबास्टियनचं हुतात्म्य त्याने शहरी साहेबाच्या अंगावर चढवलं. त्याच्या लहानपणीचं चर्च आणि त्याचा ढोंगावरचा राग दोन्ही त्या रेषेत आहेत. कपाळावरचे डोळे उचलून आपल्या चित्रात बसवणारी शेकडो डोकी मी प्रदर्शनांत पाहिली आहेत. कृपा करून ते करू नका. त्याच्याकडून घ्यायचं ते हे, की रेषा घट्ट असली की रंगाला मोकळं सोडता येतं.

ती रेषा तेलरंगात टाकणं अवघड आहे. ओल्या रंगावर काळी रेषा ओढली की ती खालचा रंग ओढत नेते आणि दोन इंचांत घाण होते. यावर दोन उपाय. एक तर रंग चार-पाच दिवस बसू द्या आणि मग रेषा टाका. किंवा रेषा आधी टाका, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबरच्या पातळ मिश्रणात, ती वाळू द्या, आणि मग दोन्ही बाजूंनी रंग तिच्यापर्यंत आणा पण तिला शिवू नका. रशियन चित्रकार याव्लेन्स्कीने रंगवलेल्या डोक्यांत हे फार सुंदर दिसतं. त्याच्याबद्दल आणखी एक: १९३४ पासून, सांधेदुखीने हात आखडल्यावर, त्याने अगदी लहान आकारात चेहरेच चेहरे केले, शेकडो. नाक म्हणजे एक उभी पट्टी, डोळे म्हणजे मिटलेल्या आडव्या पट्ट्या. मोठा कॅनव्हास घेतला की मोठी भावना येते असं ज्यांना वाटतं त्यांनी ती चित्रं शोधून बघावीत. तुम्हीही बारा बाय सोळा इंचांच्या वर पहिलं वर्ष जाऊ नका.

साहित्य. आठ रंग पुरतात: टायटॅनियम व्हाइट (मोठी ट्यूब), कॅडमियम यलो, यलो ऑकर, कॅडमियम रेड, किरमिजी, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, बर्न्ट अंबर. किरमिजी घेताना 'पर्मनंट' लिहिलेला घ्या, जुना अलिझरिन किरमिजी उजेडात उडतो. विद्यार्थी दर्जाच्या ट्यूबमध्ये भरताड जास्त असतं, सरावाला ते चालतं, पण लाल आणि पिवळा तरी आर्टिस्ट दर्जाचा घ्या, नाहीतर ढीग कितीही मोठा केला तरी रंग पेटत नाही. ब्रश होगहेअरचे (डुकराच्या राठ केसांचे), फ्लॅट, आठ, दहा आणि बारा नंबर. एक इंची रंगकामाचा ब्रश हार्डवेअरच्या दुकानातला चालतो. बारीक ब्रश घरात असतील तर सध्या कुणाला तरी द्या.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे थर तेलाचे. उलटं केलंत तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो, आणि चित्राला भेगा पडतात. तेलरंग पाण्यासारखा उडून जाऊन वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. त्यामुळे जाड थापलेला रंग वरून वाळला तरी आत महिनोन्महिने मऊ असतो. अंबर लवकर वाळतो. काळा, कॅडमियम आणि किरमिजी सावकाश, म्हणून हे खालच्या थरात जाड नकोत. व्हार्निशची घाई सहा महिने तरी नको, जाड कामाला वर्ष द्या. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो आणि मागे बुरशी धरते. चित्र भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे हवा खेळू द्या.

एका गोष्टीत मात्र अजिबात हयगय नको. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून टोपलीत टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती अडकते, आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा किंवा एकेक पसरून वाळवा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी. कॅडमियमचे रंग हाताला असताना खाणं-पिणं नको.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या पत्रात विचाराल असं वाटतं: थांबायचं कधी? लिहिलेल्या तीन वाक्यांतली दोन चित्रात दिसली की ब्रश ठेवा, मग बाकीचं कितीही अपुरं असो. मामांच्या त्या चित्रात डावा हात पूर्ण झालेला नाही. पाचव्या सकाळी त्यांना शेतावर जायचं होतं, आणि हात पहिल्या दिवसाच्या बर्न्ट अंबरच्या चार रेषांतच राहिला. घरी आल्यावर एका दुपारी मी तो आठवणीतून पुरा करायला बसलो. तीन फटकारे मारले. अंगठ्याचं मूळ, मनगट, पेटी धरून वाकलेली बोटं. तिन्ही बरोबर होते, शरीरशास्त्राला धरून होते, आणि मामांचे नव्हते. चिंधीने पुसून टाकले. चित्र तसंच मामीकडे दिलं, ते अजून पडवीत आहे, केळींच्या समोरच्या भिंतीवर.